रांगडं रूप, लहान इंजिन आणि कुळागराची वाट: सत्तरीतल्या एका घराच्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं, वाळपईपासून थोडं आत. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही, आणि माणसांनाही नावं न देता घरात जशी हाक मारतात तशीच ठेवतो. मास्तर हायस्कुलात शिकवतात. वहिनी पर्वरीला सचिवालयात नोकरीला आहेत. दोन मुलं शाळेत, शिवाय मास्तरांचे आई-बाबा. आत्या चतुर्थीला आणि काजूच्या मोसमात राहायला येते, तेव्हा घरात सात माणसं होतात.

दारात चौदा वर्षांची लहान हॅचबॅक होती. गोव्याच्या पावसात गाडीचा पत्रा किती टिकतो हे इथल्या कुणालाही सांगायला नको. 2023 च्या पावसाळ्यात चालकाच्या पायाखालच्या रबरी मॅटखाली पाणी साचायला लागलं. मॅट उचलली तर गंजलेल्या भोकातून अंगणातली तांबडी माती दिसली. मग मात्र नवी गाडी घ्यायची ठरली. ऑन-रोड नऊ लाख, फार तर थोडं वर, ही मर्यादा. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कर्जाचा.

या गाडीकडून चार वेगवेगळी कामं हवी होती. वहिनींची रोजची पर्वरीची ये-जा, त्यात वाटेवरच्या दोन सहकारी महिला. बाबांची महिन्याकाठी बांबोळीच्या इस्पितळाची फेरी. वहिनींचं माहेर बेळगावचं, म्हणजे सुट्ट्यांत केरीवरून चोर्ला घाट. आणि कुळागर, म्हणजे बागायत: सुपारी, नारळ, केळी, मिरवेल. घरापासून थोडंच दूर, पण खाली ओहोळाच्या काठाला. डांबरी रस्ता सोडला की शेवटची चारशे मीटर वाट मातीची, मध्ये दोन वळणं आणि उतार.

ही शेवटची वाट लक्षात ठेवा. गाडी निवडताना तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं गेलं.

मास्तरांच्या मनातली गाडी

गाडी घेण्याआधी आकडे समजून घ्यायला काही लोक माझ्याकडे येतात. मास्तर आले ते एका गाडीचं चित्र घेऊनच. युरोपात विकली जाणारी, रेनॉच्याच डॅशिया या ब्रँडची जॉगर. लांबलचक इस्टेट, म्हणजे आपण ज्याला स्टेशन वॅगन म्हणतो तसली. सात माणसं बसतात, एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, 110 पीएस ताकद, 200 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची), चाकांभोवती काळं प्लॅस्टिक (क्लॅडिंग), वर रूफ रेल. तिकडच्या मानानं स्वस्त. "असलं काहीतरी आपल्याकडे का नाही?" हा त्यांचा प्रश्न.

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे टाटा इस्टेट आली 1992 मध्ये, पुढे इंडिगो मरिना आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली. सगळ्या गेल्या. मागे लांब डिकी असलेल्या गाडीला लोक "अँब्युलन्स" म्हणून नावं ठेवायचे हे खरं, पण खरा घाव करानं घातला. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी, आणि पेट्रोल इंजिन असल्यास 1200 सीसीपर्यंत. जीएसटी आल्यावरही ती रेघ तशीच राहिली. मास्तर गाडी शोधत होते तेव्हा चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह 29 टक्के कर होता, आणि तिच्याहून लांब, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीवर 45 टक्के. इस्टेट गाडीचा सगळा जीव लांबीत. तिला या रेघेखाली जागाच नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लोगनचं. डॅशियाची लोगन 2007 मध्ये आपल्याकडे महिंद्रा-रेनॉ लोगन म्हणून आली. युरोपात त्याच लोगनची शेपटी वाढवून एमसीव्ही ही इस्टेट केली, पुढच्या पिढीत तिला काळी क्लॅडिंग आणि 174 मिलिमीटर क्लिअरन्स देऊन स्टेपवे केली. आपल्याकडे त्याच लोगनची व्हेरिटो झाली आणि 2013 मध्ये तिची शेपटी कापून चार मीटरच्या आतली व्हाइब निघाली. तिकडे लांब केली, इकडे आखूड.

जॉगरबद्दल आणखी एक गोष्ट मास्तरांना सांगितली, ती त्यांना आवडली नाही. 2021 च्या युरो एनकॅप चाचणीत, म्हणजे गाडी आपटून सुरक्षा तपासतात त्या चाचणीत, तिला पाचपैकी एकच तारा मिळाला होता. तिथले निकष कडक आहेत, तारा कमी होण्यामागे सुरक्षेच्या इलेक्ट्रॉनिक सोयींचा अभाव हेही एक कारण होतं, हे मान्य. तरी रांगडी दिसते म्हणून दणकट असेल असा समज करून घेऊ नये, इतपत तो तारा पुरेसा होता.

पर्याय

कागदावर पाच गाड्या उतरल्या.

टाटा पंच सगळ्यांना दिसायला आवडली. 1.2 लिटर इंजिन, 187 मिलिमीटर क्लिअरन्स, 366 लिटरची डिकी, ग्लोबल एनकॅपमध्ये प्रौढांसाठी पाच तारे. पण माणसं पाच. घरात रोजची सहा. आईला मांडीवर बसवता येणार नव्हतं, असं वहिनी म्हणाल्या आणि विषय संपला.

मारुती एर्टिगा सगळ्या बाबतींत बसत होती, पैसे सोडून. दीड लिटरचं इंजिन, 103 पीएस. नवी घ्यायची तर ताण, जुनी घ्यायची तर चार-पाच वर्षं वापरलेली. मास्तरांनी म्हापशाला दोन जुन्या गाड्या पाहिल्या. एकीच्या दारांचा रंग वेगळा वाटला, दुसरी पर्यटकांना भाड्यानं दिलेली निघाली. गोव्यात जुनी सात आसनी गाडी घेताना हा धोका नेहमीचाच आहे. भाड्यावर फिरलेली गाडी मीटरवरून ओळखू येत नाही, ती ओळखायची सीटच्या कडांवरून आणि गिअरच्या मुठीवरून.

बोलेरो निओ ही खरोखरची रांगडी: शिडीसारखी चॅसी, मागच्या चाकांना ताकद, डिझेल, 260 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर). कुळागराचा प्रश्न तिनं एका झटक्यात सोडवला असता. पण मागची दोन माणसं बाजूला तोंड करून बसतात, किंमत मर्यादेबाहेर, आणि वहिनींना ती रोज पर्वरीला न्यायची नव्हती.

बाबांचं मत वेगळंच. त्यांना मारुती ईको हवी होती. "सामान किती मावतं ते बघ. बाकी सगळा देखावा." कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ईको स्वस्त, पण 2016 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला शून्य तारे होते, आणि वहिनींनी तिच्यावर काट मारली ती याच कारणानं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. तरी बाबांच्या बोलण्यात एक तांत्रिक मुद्दा होता, त्यांनाही कदाचित न कळलेला. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. माल भरला की वजन नेमकं त्याच चाकांवर येतं. तिच्या अंगावर क्लॅडिंगचा एक तुकडा नाही, पण माल भरून चढ चढायला ती या यादीतल्या पुढच्या गाडीपेक्षा बरी.

ती पुढची गाडी म्हणजे रेनॉची ट्रायबर. ऑगस्ट 2019 मध्ये आलेली, 3990 मिलिमीटर लांब, म्हणजे रेघेच्या बरोबर आत. 999 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, 72 पीएस, 96 न्यूटन मीटर. क्लिअरन्स 182 मिलिमीटर. काळी क्लॅडिंग, रूफ रेल, पुढच्या आणि मागच्या बंपरखाली चंदेरी पट्टी. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट सुट्या काढता येतात. सात माणसं असताना डिकी फक्त 84 लिटर, सीट काढल्या की 625 लिटर. ग्लोबल एनकॅपच्या 2021 च्या चाचणीत प्रौढांसाठी चार तारे, मुलांसाठी तीन. किंमत तेव्हा, 2023 मध्ये, एक्स-शोरूम सव्वासहा लाखांपासून नऊ लाखांपर्यंत.

करानं आखलेल्या चौकटीत भारतात इस्टेट बनवायची तर ती अशीच होणार: आखूड, उंच, आत सरकत्या सीट आणि वरून रांगडा पोशाख. मास्तरांना जॉगरची धाकटी बहीण सापडली.

निर्णयाचा पहिला टप्पा: टेस्ट ड्राइव्ह

इथे एक गोष्ट ठरली होती ती झाली नाही. मी सांगितलं होतं, सहाही माणसं घेऊन जा, मागे दोन पोती टाका, आणि गाडी केरीच्या चढावर न्या. कारण साधं आहे. रिकामी ट्रायबर साधारण साडेनऊशे किलोची. 72 पीएस भागिले वजन, म्हणजे टनामागे 76 पीएस. बरं चालतं. सहा माणसं आणि सामान मिळून चारशे किलो चढलं की तोच आकडा 53 वर येतो. तसाच भार घेतलेली एर्टिगा 65 च्या आसपास राहते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, घाटात जाणवतो.

विक्रेत्याचा माणूस हसून म्हणाला, "टेस्ट ड्राइव्हचा मार्ग ठरलेला असतो हो. इतकं लांब नेता येत नाही." मास्तर, वहिनी, धाकटा आणि तो स्वतः असे चौघे महामार्गावर सहा किलोमीटर फिरून आले. आईला शोरूममध्येच आत-बाहेर बसवून पाहिलं. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे जुन्या गाडीतून उठताना तिला दाराला लोंबकळावं लागायचं. या गाडीची सीट तिच्या कमरेच्या उंचीला, ती आडवी सरकून बसली आणि तशीच उतरली. आईच्या चेहऱ्याकडे पाहून निम्मा निर्णय तिथेच झाला.

आईचं बसणं-उतरणं तपासलं हे उत्तमच केलं. पण भरलेली गाडी चढावर न तपासता सही झाली.

निर्णयाचा दुसरा टप्पा: पोशाखावर पैसे

दिवाळीच्या सुमारास वरचा प्रकार बुक केला, कारण त्यात चार एअरबॅग होत्या आणि खालच्यात दोन. मॅन्युअल गिअरच घेतला. मातीच्या उतारावर क्लच आपल्या पायात असावा, हा मास्तरांचा हट्ट योग्य होता.

मग ॲक्सेसरीजची यादी पुढे आली. जादा क्लॅडिंग, दारांवरच्या पट्ट्या, बंपर गार्ड, पुढच्या बाजूला लोखंडी नळीची चौकट. यादी बघून मास्तर खुलले होते. वहिनींनी एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारलं, "हे काय करतं?" बंपरखालची चंदेरी पट्टी प्लॅस्टिकची आहे, दगड लागला तर इंजिनाला वाचवणारी नाही, हे त्या प्रश्नातूनच कळलं. लोखंडी चौकटीवर तर केंद्रीय वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. ती अपघातात पादचाऱ्याला जास्त इजा करते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकते. शेवटी मड फ्लॅप, खोलगट रबरी मॅट आणि खालून गंजरोधक लेप, एवढंच घेतलं.

पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा

मे 2024 मध्ये सात जण बेळगावला निघाले, आत्यासकट. डिकीत 84 लिटरमध्ये मावतं तेवढं, बाकीचं रूफ रेलवर. रेलवर 50 किलोची मर्यादा आहे. मास्तरांनी बॅगा घरच्या काट्यावर तोलून चढवल्या, हे मला आवडलं. केरी सोडल्यावर चढ लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकू लागली. मास्तरांना जुन्या गाडीची सवय, मायलेजसाठी लवकर गिअर वाढवायचा. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क मिनिटाला 3500 फेऱ्यांना येतो आणि मदतीला टर्बो नाही. 1800 फेऱ्यांवर ते सात माणसं ओढणार कुठून? मागून बसचा हॉर्न. आई मागून विचारते, "गाडीला काही झालं का रे?"

उपाय त्यांना फोनवर सांगितला: उभ्या वळणांवर एसी बंद, दुसरा गिअर, फेऱ्या साडेतीन हजारांखाली येऊ द्यायच्या नाहीत. इंजिनाचा आवाज वाढतो, तो वाढू द्यायचा. परतीच्या वेळी वहिनींनी चालवली. त्या रोज चालवतात, त्यांना आवाजाची भीती नव्हती. चोर्ल्याचा प्रश्न तिथे मिटला.

कुळागराचा मिटला नाही.

ओहोळाकाठी कुळागर म्हणजे जाताना उतार, रिकामी गाडी. येताना चढ, भरलेली गाडी. गरज आणि भार नेहमी उलट्या बाजूंना. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, नारळाची दोन पोती, केळीचे घड आणि फणस घालून सगळे निघाले. पहिल्या वळणाच्या वर पुढची चाकं गरगर फिरायला लागली. तांबडा चिखल दारांच्या हँडलपर्यंत उडाला. क्लचचा जळका वास आत आला. मास्तर जोर देत राहिले तशी गाडी तिरकी होऊन कडेच्या चिऱ्याकडे सरकली.

गाडी पुढच्या चाकांवर चालते. चढावर वजन मागे कलतं, त्यात मागे पोती आणि माणसं, म्हणजे ज्या चाकांना ताकद आहे तीच हलकी होतात. 182 मिलिमीटरचा आकडाही तिथे तेवढा उरला नव्हता. कंपन्या हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा देतात. पुढे एकदा मास्तरांनी अंगणात टेप लावून मोजलं: सगळे बसल्यावर आणि पोती ठेवल्यावर मागची बाजू जवळजवळ दोन इंच खाली बसते.

छोटा हाथी, म्हणजे टाटाचा लहान टेम्पो, चालवणारा शेजारचा मुलगा वरून आला. त्यानं एकदा चाकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, सगळ्यांना उतरवा. गाडी फिरवा आणि रिव्हर्सनं चढवा." उलटी चढवली की ताकदीची चाकं खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं, रिव्हर्स गिअरही मंद आणि जोरकस असतो. गाडी वर आली. फिरवताना मात्र पुढचा बंपर चिऱ्याला घासला, क्लिपा तुटल्या आणि खालचं प्लॅस्टिकचं झाकण लोंबलं.

विम्याचा दावा करावा का, यावर घरात वाद झाला. बिल पाच हजारांच्या आतलं. दावा केला असता तर पहिल्या वर्षानंतर मिळणारी 20 टक्के नो क्लेम बोनसची सवलत गेली असती, शिवाय दाव्यातली अनिवार्य कपात वेगळी. वहिनींनी कागदावर दोन ओळींत हिशेब मांडला आणि बिल खिशातून भरलं.

दुसऱ्यांदा पर्याय

आता मास्तर हिरमुसले होते. त्यांच्या डोक्यात तीन गोष्टी होत्या: गाडी विकून बोलेरो निओ, स्प्रिंगखाली स्पेसर घालून गाडी उंच करणं, किंवा जाड नक्षीचे मोठे टायर.

गाडी विकली तर पहिल्याच वर्षाची घसरण अंगावर, वर नवं कर्ज. शिवाय एप्रिल 2024 मध्ये ग्लोबल एनकॅपनं बोलेरो निओला एकच तारा दिला होता. स्पेसरला मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यानं पुढच्या चाकांच्या सांध्यांचे कोन बिघडतात, हेडलाइट वर फेकला जातो, वॉरंटीवर प्रश्न येतो, आणि मूळ दुखणं उंचीचं नाहीच, पकडीचं आहे. मोठे टायर म्हणजे 72 पीएसच्या इंजिनावर आणखी ओझं. मूळ मापातच, ओल्यात बरी पकड देणारे टायर झिजल्यावर घ्यावेत इतकं ठरलं.

चौथा पर्याय बाबांनी काढला. "वाट चारशे मीटर आहे, पण गाडी अडकते किती जागी?" सगळे जाऊन बघून आले. दोन वळणं. दोन्ही मिळून जेमतेम चाळीस मीटर. बाकीच्या वाटेवर खडी होती आणि पाणी बाजूला जात होतं; या दोन जागी वरच्या शेतातलं पाणी वाटेवरूनच वाहायचं.

नवी गाडी बघायच्या आधी ही वाट कुणी पायी चालून बघितली नव्हती. दोन-अडीच लाखांच्या फरकावर घरात महिनाभर खल झाला होता तो या चाळीस मीटरसाठी.

केलेली कामं

वाट तीन घरांच्या जमिनीतून जाते. तिघांना एकत्र बसवायला बाबांना पावसाळा संपेपर्यंत वेळ लागला. एकाचं म्हणणं, गाडी तुमची, खर्च तुमचा. त्याची सुपारीही त्याच वाटेनं जाते हे त्याला पटवायला आणखी दोन बैठका. ऑक्टोबरनंतर काम झालं. आधी वरच्या बाजूला चर खोदून पाणी ओहोळाकडे वळवलं, कारण पाणी न वळवता काँक्रीट ओतलं असतं तर पुढच्या पावसात खालची माती निघून गेली असती. मग पूर्ण रुंदीचा रस्ता न करता चाकांपुरत्या दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन फूट रुंद, वर झाडूनं आडव्या रेघा ओढलेल्या. खर्च पन्नास हजारांच्या आत, तीन घरांत वाटलेला.

सुपारीच्या तोडीला पोती वाहायची ती छोट्या हाथीनं, भाडं देऊन. मोसमातल्या मोजक्या फेऱ्या. ट्रायबरमध्ये केळी, भाजी, पाइपची गुंडाळी आणि पंप, एवढंच. आणि पावसात कुळागरातून येताना माणसं वळणांवर उतरून चालतात, हा नियम आईला सोडून सगळ्यांना.

सुट्या सीटचा एक वेगळाच त्रास निघाला. वहिनींच्या रोजच्या वापरात एक सीट बाहेर काढून ठेवलेली असायची, पडवीत. जुलैमध्ये तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरली. आता ती सीट चुलीच्या खोलीतल्या बाकड्यावर, जुन्या चादरीत. धूर लागतो, पण बुरशी नाही. शोरूममध्ये सीट किती सेकंदांत निघते ते दाखवतात. काढल्यावर ती सत्तरीच्या पावसात कुठे ठेवायची हे कुणी सांगत नाही.

परिणाम

2025 च्या पावसाळ्यात गाडी त्या वाटेवर अडकली नाही. रोजच्या वापरात लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर मिळतात, चोर्ल्यावर सात माणसं असली की बारा. चतुर्थीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नारळाच्या पेंडी, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस, सगळं सीट काढून एका फेरीत आलं. त्या दिवशी गाडीनं इस्टेटचं काम चोख केलं. आई बांबोळीच्या फेरीलाही हौसेनं जाते. वहिनींच्या दोन सहकारी पेट्रोलचा वाटा देतात, त्यामुळे हप्ता सुसह्य झाला.

नाराजी आहे ती मास्तरांची, घाटातल्या ओव्हरटेकवर. एक लिटरचंच टर्बो इंजिन, 100 पीएसचं, याच कंपनीच्या कायगरमध्ये मिळतं. ट्रायबरला ते मिळालेलं नाही, हे ते दर भेटीत सांगतात. मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. सात माणसांची गाडी म्हणून विकायची तर 72 पीएस हे किमान आहे, पुरेसं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भरलेल्या गाडीची चाचणी न झाल्यानं खरा तोटा किती झाला, याबद्दल मी आणि वहिनी यांच्यात मतभेद आहे. माझं म्हणणं, केरीच्या चढावर सहा माणसांनिशी गाडी नेली असती तर निदान जुन्या एर्टिगाचा शोध आणखी महिनाभर नेटानं झाला असता. वहिनी म्हणतात, तरीही हीच घेतली असती, कारण वॉरंटीत असलेली नवी गाडी आणि आईची सीट या दोन गोष्टींवर तडजोड नव्हतीच. फक्त मास्तरांची अपेक्षा आधीच खाली आली असती. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र एका विक्रेत्यानं नकार दिला म्हणून चाचणी सोडायची गरज नव्हती. दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याला विचारता आलं असतं, नाहीतर ही गाडी असलेल्या ओळखीच्या कुणाकडे पेट्रोल भरून एक फेरी मागता आली असती.

वाटेचं काम गाडीच्या आधी व्हायला हवं होतं. ते झालं असतं तर यादीतला "रांगडी हवी" हा रकानाच बराच हलका झाला असता, आणि क्लिअरन्सच्या पाच-दहा मिलिमीटरवर खर्च झालेलं बोलणं ताकदीकडे आणि एअरबॅगकडे वळलं असतं.

वेळेबद्दल मात्र मी त्यांना दोष देत नाही. जुलै 2025 मध्ये ट्रायबरला नवं रूप आणि सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग मिळाल्या, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर 18 टक्क्यांवर आला. लांब गाड्यांना 40 टक्के. रेघ अजून तिथेच आहे, उलट दोन्ही बाजूंमधलं अंतर वाढलंय. 2023 मध्ये गंजलेल्या गाडीत मुलांना बसवून यातलं कशाचीही वाट बघता आली नसती.

सहा एअरबॅगची बातमी वाचून मास्तरांनी बदलीची किंमत काढून आणली होती. वहिनींनी ती बाजूला ठेवली. थोरला आता उंच झालाय, तिसऱ्या रांगेत त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. दोन वर्षांत तो तिथे बसेनासा होईल, तेव्हा सात सीट हव्यात की पाचच नीट हव्यात हे आधी ठरवू, मग गाडी बघू, असं त्यांनी सांगून टाकलं.